तीनशे बारा कुठे आहे?

"ओ काका, तुम्ही मघापासून माझ्या मागे मागे का येताय?"

मी गर्रकन वळून विचारलं. नारिंगी जाकीट, डोळ्यांपर्यंत ओढलेली टोपी... गेली दहा मिनिटं हा माणूस माझ्यापासून बरोबर वीस पावलांवर होता. मी थांबले की थांबायचा, मी चालले की चालायचा.

त्याने टोपी वर केली. कसले काका! माझ्याच वयाचा मुलगा. मिसरूड फुटू की नको अशा विचारात, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"काका?" तो म्हणाला. "सतरा पूर्ण व्हायचीयत अजून."

"मग पाठलाग कशाला?"

"पाठलाग नाही, नोकरी. बिनपगारी." तो वळून उभा राहिला. जाकिटाच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – शेवटचा माणूस. "सगळे मला झाडू म्हणतात. जो सगळ्यांत मागे, त्याच्या मागे मी. वाटेवरच्या खुणेच्या फिती सोडवत यायचं आणि आपल्या मागे डोंगरावर कुणी उरत नाही ना, ते बघायचं."

मी त्याच्या पलीकडे पाहिलं. ओली वाट, धुकं, आणि एक भलामोठा दगड.

"म्हणजे... माझ्या मागे कुणीच नाही?"

"मी आहे की," तो म्हणाला.

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी आठवडाभर मैत्रिणींना सांगत सुटले असते. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की सव्वातीनशे माणसांत मी शेवटून पहिली आहे.

आता हे किती मोठं संकट होतं ते कळायला तुम्हाला आदल्या महिन्यातली मी माहीत हवी. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. मग वक्तृत्वाच्या स्पर्धेत काय चमत्कार झाला कोण जाणे, माझा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुरू झालं ते बंदच होईना. मुलांच्या दवाखान्यासाठी दरवर्षी ही डोंगरफेरी निघते. चौदा किलोमीटर. जो ती पुरी करेल त्याच्या नावाने ओळखीची माणसं दवाखान्याला देणगी देतात, आणि त्यातून श्वासाच्या आजाराच्या मुलांसाठी यंत्रं येतात. माझी आई त्याच दवाखान्यात सिस्टर. मग काय, मी शाळेच्या प्रार्थनेनंतर माइक हातात घेतला आणि सगळ्या शाळेला सांगून टाकलं, "मी पहिल्या पन्नासात येणार! लावा पैजा!"

तयारी म्हणाल तर मी नवे बूट घेतले होते. बस.

"नवे बूट?" झाडूने विचारलं. मी लंगडायला लागले होते.

"तुला काय करायचंय?"

"मला काहीच नाही. टाचेला फोड आलाय तो तुला. बस त्या दगडावर." त्याने पाठपिशवीतून चिकटपट्टी काढली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "तूच लाव. मी लावली तर म्हणशील काकांनी पायाला हात लावला."

मी हसले. हसायचं नव्हतं, तरी हसले. बारीक भुरभुर सुरू झाली होती, त्याच्या टोपीच्या कडेवर थेंब ओळीने लटकले होते, आणि तो फिती सोडवून कशा नीट घडी घालून खिशात ठेवत होता... मुलं अशी घडी घालतात? आमच्या वर्गातली तर डब्याचं झाकणसुद्धा धड लावत नाहीत.

"तू का नाही पळत?" मी विचारलं. "इतका फुकटचा वेळ घालवतोस माझ्यासारख्या कासवामागे."

"मला पळायला मनाई आहे. दमा. लहानपणी तीन हिवाळे त्या दवाखान्यातच काढलेत मी." तो अगदी सहज म्हणाला, जणू मामाच्या घरी राहिलो होतो असं. "चालायला मनाई नाही. अख्ख्या फेरीत मला जमेल असं हे एकच काम आहे. तीन वर्षं माझंच आहे."

"माझी आई तिथे सिस्टर आहे. आठ वर्षं."

"अरे बापरे! मग तिने मला टोचलं असणार."

"म्हणून तू लेकीच्या मागे लागलास होय? सूड?"

"सूडच घ्यायचा तर पुढे निघून गेलो असतो," तो म्हणाला. "मग डोंगरावर एकटी बडबडत बसली असतीस."

आणि मी बडबडलेच. वक्तृत्वाबद्दल, माझ्या पुटपुटण्याबद्दल, आई रात्रपाळीहून आली की झोपायच्या आधी माझी वेणी घालते त्याबद्दल. तो ऐकायचा. मधेच एखादा टोमणा मारायचा, मधेच नुसता बघायचा. आता डोळ्यांचं सांगते – तुम्ही बोलताना कुणी तुमचं बोलणं संपायची वाट बघत नाही, पुढचं ऐकायची वाट बघतं, असं कधी झालंय? तसे डोळे.

त्याने मला नाव विचारलं नाही. छातीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, "चला, तीनशे बारा, खिंड आली." शाळेने चाळीस नंबर एकगठ्ठा घेतले होते; बसमध्ये ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने टोचला. त्याच्या तोंडून मला तो आकडासुद्धा गोड वाटला.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण खिंडीच्या खाली त्याच्या खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली. "झाडू, झाडू, शेवटचा कुठवर आलाय? पाचव्या चौकीवरची माणसं सामान बांधून बसलीत."

"तीनशे बारा, खिंडीपाशी," तो म्हणाला. "मजेत चाललीय."

"मजेत? कासवाला जरा चावी द्या म्हणावं! मैदानात सगळे जेवायला थांबलेत!"

आणि मग हसू. एकाचं नाही, सगळ्या चौक्यांवरचं, एकामागून एक. त्यातला एक आवाज आमच्या खेळाच्या सरांचा होता. मला चटका बसल्यासारखं झालं. तो काहीतरी म्हणत होता – "लक्ष देऊ नकोस, दरवर्षी असंच..." – पण मला ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढे मैदान दिसत होतं. सगळी शाळा रांगेत उभी, आणि 'पहिल्या पन्नासात' म्हणणारी मी, जेवणं अडवून, लंगडत, झाडूबरोबर आत येतेय.

खाली डावीकडे, कातळाच्या आड, एक पायवाट उतरत होती. बऱ्याच खाली पिवळ्या टोप्यांच्या दोन बायका दिसत होत्या. त्या वाटेने गेलं तर मी त्यांच्या पुढे निघाले असते. मग शेवटच्या त्या, आणि झाडू त्यांच्या मागे. कुणाचं काय बिघडणार होतं?

"मला... जरा..." मी खाली मान घालून म्हणाले, "आडोशाला जायचंय."

तो माझ्यापेक्षा लाल झाला. "हां हां. जा की. मी इथे... असा उभा राहतो." तो दहा पावलं लांब गेला, पाठ फिरवली, आणि – हे लिहिताना अजून माझे कान तापतात – मोठ्याने एकोणीसचा पाढा म्हणायला लागला. त्याला काही ऐकू येत नाहीये हे मला कळावं म्हणून! "एकोणीस एके एकोणीस... एकोणीस दुणे अडतीस..."

एकोणीस सत्ते एकशे तेहेतीसला मी कातळाआड होते. एकोणीस दाहीला मी पळत होते.

पायवाट त्या बायकांपर्यंत गेलीच नाही. ती मधेच ओढ्यात घुसली, धुक्यात वळली, आणि अर्ध्या तासाने मला सरळ मैदानाच्या मागच्या बाजूला, तंबूंच्या पाठीशी आणून सोडती झाली. मी परत वर जायला वळणार इतक्यात एका जाड्या मावशीने मला पकडलं. "आली गं बाई, केवढी भिजलीय!" तिने माझ्या हातात केळं कोंबलं आणि पाठीवर थोपटत मला पदकांच्या रांगेत ढकललं.

तोंड उघडायला माझ्याकडे रांगेतली सहा माणसं एवढा वेळ होता. एरवी कुठेही चुरूचुरू चालणारं माझं तोंड केळ्याने भरलं होतं, आणि मी ते गिळलंच नाही.

पदक घालायला दवाखान्यातली मुलं होती. माझ्या वाट्याला सशाच्या कानांची टोपी घातलेली एक चिमुरडी आली. नाकाला बारीक नळी, हातात स्वतः रंगवलेलं लाकडी पदक. मागे माझी आई, गणवेशातच. "ससुली, ही माझी मुलगी बरं का," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. आई रडत होती! माझ्या अभिमानाने! मी वाकले, ससुलीने पदक घातलं आणि कानात म्हणाली, "ताई, तू डोंगर पूर्ण चाललीस? मी झोपले की मला पण दम लागतो."

मी मान हलवली. हो म्हणून.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला. "तीनशे बारा नंबर अजून आलेला नाही. शाळकरी मुलगी आहे. तीनशे बारा कुणी पाहिलंय का?"

माइकवर मोठे डॉक्टर होते, दवाखान्याचे जुने प्रमुख, या फेरीचे सर्वेसर्वा. मी काय केलं सांगू? मी रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढली. नंबर आत गेला.

"कुणाची पोर असेल?" आई म्हणाली. "तिच्या आईचा जीव कसा खालीवर होत असेल!"

मी केळ्याची साल बोटाभोवती गुंडाळत राहिले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मग चार माणसं स्ट्रेचर घेऊन डोंगराकडे निघाली, आणि भोंगा पुन्हा वाजला. या वेळी डॉक्टरांचा आवाज वेगळा होता. "आमचा झाडू तिला शोधायला ओढ्याकडे उतरलाय. त्याची वॉकीटॉकी लागत नाहीये. वरच्या चौकीवरून सांगतायत, तो पळत गेला."

पळत.



ससुलीने माझा हात ओढला. "ताई, ती हरवलेली ताई सापडेल ना?"

मैदान ओलांडायला साठ पावलं लागली असतील. नवे बूट चुरचुरत होते. मी डॉक्टरांपाशी गेले, चेन खाली ओढली आणि माइकमध्ये म्हणाले, "मी तीनशे बारा. मी हरवलेली नाही. मी... मधल्या वाटेने उतरले. फेरी पूर्ण केली नाही. त्याला परत बोलवा. प्लीज."

एवढी शांतता मी वक्तृत्वात कधी मिळवली नव्हती.

गळ्यातलं पदक काढून मी ससुलीला दिलं. तिने ते घेतलं. आईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तो पाऊण तासाने खाली आला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. गुडघा फुटलेला, ओठ निळसर, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आई धावली. "अरे, हा तर आमचा सात नंबरच्या खाटेवरचा! बस बाळा, पुढे वाक, पंप कुठेय तुझा?" तिने पंप त्याच्या तोंडाला लावला. एक झुरका. दुसरा. मग त्याने मान वर केली आणि त्याला मी दिसले.

"तू बरी आहेस?" तो म्हणाला. पहिलं वाक्य. तेवढ्याच श्वासात तेवढंच मावलं.

मी मान हलवली. मग त्याने माझे कोरडे होत आलेले केस पाहिले, हातातली केळ्याची साल पाहिली, आणि त्याला सगळं समजलं. ते समजताना मी बघत होते. डोळे मिटल्यासारखे झाले, उघडेच होते तरी.

"मी पाठ फिरवून उभा होतो," तो हळू म्हणाला. "तीसपर्यंतचे पाढे झाले. तरी वळलो नाही. म्हटलं, तुला अवघडल्यासारखं होईल."

घरी जाताना आई एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर मी सुटले असते. तिने माझा फोड धुतला, पट्टी बांधली आणि दिवा मालवून निघून गेली. शाळेत सगळे मला 'मधली वाट' म्हणायला लागले. मी परत पुटपुटायला लागले. देणगी कबूल केलेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन मी सांगून आले की मी फेरी केलेली नाही. बहुतेकांनी तरीही देणगी दिली, आणि तेच जास्त लागलं.

चौथ्या दिवशी आई जेवताना म्हणाली, "त्या मुलाने समितीला काय लिहून दिलंय, माहितीय?"

मी घास खाली ठेवला.

"'माझं लक्ष नव्हतं, फिती सोडवत होतो, माझ्या निष्काळजीपणामुळे मुलगी नजरेआड झाली.' झाडूने शेवटच्या माणसावरची नजर काढायची नाही हा नियम आहे म्हणे. पुढच्या वर्षापासून त्याला काढतायत. उद्या दुपारी बैठक आहे." आईने माझ्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा. "त्याचं लक्ष खरंच नव्हतं का गं?"

आता तुम्ही म्हणाल, माइकवर सांगितलं होतंस ना सगळं? नाही. मी मधली वाट सांगितली होती. आडोसा नव्हता सांगितला. ते कोण सांगणार हो? अख्ख्या गर्दीपुढे? आणि त्यानेही सांगितलं नाही. स्वतःचं काम गमावलं, पण माझी ती घाणेरडी थाप त्याने कुणाला कळू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्ध्या शाळेतून निघाले. दवाखान्याच्या तळमजल्यावर लांब टेबल होतं. मोठे डॉक्टर, आमचे खेळाचे सर, ती केळंवाली मावशी आणि आणखी सात-आठ जण. टोकाला तो, हात मांडीवर, नजर टेबलावर. मला बघून दचकला.

"बाळ, बैठक चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"मला पण काही सांगायचंय." आवाज पुटपुटल्यासारखाच निघाला. मी घसा खाकरला. "याचं लक्ष होतं. पूर्ण होतं. मी खोटं बोलले. मी त्याला सांगितलं, मला..." माझे कान असे पेटले की केस जळतील. "...लघवीला जायचंय. म्हणून त्याने पाठ फिरवली. आणि मी पळून गेले. तो तिथे उभा राहून पाढे म्हणत होता."

कुणीतरी खोकलं. मावशीने पदर तोंडाला लावला. सर छताकडे बघायला लागले.

"पाढे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणीसपासून," मी म्हणाले. "सगळे बरोबर होते. ज्याला तुम्ही निष्काळजी म्हणताय ना, त्याच्याएवढं जपणारं माणूस मी पाहिलेलं नाही. काढायचं तर मला काढा. मला पुढच्या वर्षी येऊ देऊ नका. पण त्याचं काम त्याचंच राहू द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा कागद तू का लिहिलास रे?" त्यांनी त्याला विचारलं.

"तिची... गोष्ट होती ती," तो टेबलाला म्हणाला. "माझी नव्हती सांगायची."

डॉक्टरांनी कागद घडी करून टोपलीत टाकला. "कामावर आहेस तू. आणि तू मुली, पुढच्या वर्षी तर येच. जुने बूट घालून."

बाहेर बसथांब्यावर मी बाकाच्या एका टोकाला बसले. तो आला आणि दुसऱ्या टोकाला बसला. मधे माझं दप्तर.

"तू वेडी आहेस," तो म्हणाला. "एवढ्या लोकांपुढे तो शब्द!"

"तू पण वेडा. कुणी सांगितलं होतं झाकायला?"

मी बुटाच्या टोकाने खडा ढकलत राहिले.

"मला अजून राग आहे," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तू ओढ्यात पडलीस. मी हाका मारत होतो, आणि मला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं. आकडा ओरडत फिरत होतो."

"असू दे राग. असायलाच हवा." मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते. "आणखी एक सांगू? मला तू आवडतोस. खिंडीच्या आधीपासून. म्हणून तर शेवटची असल्याची जास्त लाज वाटली. दुसरं कुणी मागे असतं ना, तर मी खुशाल रांगत आले असते."

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. आत टेबलापुढे बोलणं यापेक्षा सोपं होतं.

कोपऱ्यावरून बस आली. त्याचीच. दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं.

"चढतोस का रे?" ड्रायव्हर ओरडला.

"नाही," तो म्हणाला. "पुढची."

"पुढची पन्नास मिनिटांनी आहे!"

"चालेल."

दार बंद झालं, बस गेली. त्याने मधलं दप्तर उचललं, जड होतं म्हणून जरा कण्हला, आणि ते स्वतःच्या मांडीवर घेऊन माझ्या बाजूला सरकला.